पाच वाती आणि साठ पावलं

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता कुठे तुझ्याशी नीट बोलायला कागद-पेन घेऊन बसलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बोल की, कुणी तोंड धरलंय व्हय?" तोंड कुणी धरलं नव्हतं. माझीच हिंमत होत नव्हती.

हडपसरच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. चातुर्मास लागला की गल्लीतल्या बायकांचे नेम सुरू व्हायचे. शेजारच्या काकूंनी एका वर्षी लाख वाती वळायचा नेम धरला. पहिले पंधरा दिवस त्यांनी सगळ्यांना बोलावून बोलावून वाती दाखवल्या, मग कापसाचा गठ्ठा कॉटखाली गेला आणि शेवटच्या आठवड्यात गल्लीतल्या यच्चयावत पोरींना कामाला लावून त्यांनी लाख पुरे केले. उद्यापन मात्र जोरात झालं. तुझा नेम रोज पाच वातींचा. पोळ्या झाल्या, तवा उतरवला की तू ओट्याखाली मांडी घालून पाच वाती वळायचीस आणि डबीत ठेवायचीस. मी चिडवायचो, "पाचच? देव हसेल तुला." तू मान वर न करता म्हणायचीस, "हसू दे. तापानं फणफणले तरी पाच जमत्यात. जमंल तेवढाच नेम धरावा, आन् धरला की मोडू न्हाय."

दहावीच्या वर्षी मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. पहाटे चारला उठून अभ्यास. तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "आठला दोनदा हाका माराव्या लागत्यात तुला. आधी साडेसहाला ऊठ, मग बघू चारचं." मला भयंकर राग आला होता. माझे चार वाजले ते तीन दिवस. साडेसहाला उठणं मात्र अजून सुटलेलं नाही, आणि याचं श्रेय मी तुला कधी दिलं नाही.

पुढे मी कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघायला लागलो. तिथे टार्गेट दर महिन्याला वाढतं. पुरं झालं की तक्त्यावर हिरवा गोल, हुकलं की लाल. लाल गोलाला कुणी घाबरत नाही. मीटिंगमध्ये कारणं सांगायची, चहा प्यायचा आणि जागेवर जाऊन बसायचं. माझं अर्धं आयुष्य असं गेलं.

आपण हडपसरपुढच्या मांजरी गावात नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि वर्षाच्या आत तुझी उजवी बाजू गेली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, रोज दहा पावलं पुरेत, आणि कुणीतरी धरायलाच हवं. हातानं त्यांना आवडेल ते करू द्या." तू लगेच कापूस मागितलास. एक वात वळायला तुला पाऊण तास लागला आणि ती वातीसारखी दिसतही नव्हती, पण तू ती मला दाखवलीस. मी म्हणालो, "वातींनी पाय चालायला लागत नाही, आई." आणि कापूस वरच्या फळीवर ठेवून दिला. मग फ्रीजवर तक्ता लावला. दसऱ्यापर्यंत वीस पावलं, दिवाळीपर्यंत साठ, म्हणजे खाली लिफ्टपासून सोसायटीच्या गेटपर्यंत. मला वाटत होतं, मी तुला उभारी देतोय.

तो कागद तुला काय वाटला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासाठी ते टार्गेट होतं. तुझ्यासाठी तो नेम होता, आणि तोही तू धरलेला नव्हे, मी तुझ्या गळ्यात घातलेला. दसऱ्यानंतर ओळीने तीन लाल गोल पडले. तू कितीतरी वेळ तक्त्यासमोर खुर्चीत बसून होतीस. मग अडखळत विचारलंस, "माझा नेम मोडला का रं?" तो कागद तिथल्या तिथे फाडायला हवा होता. मी म्हणालो, "तू प्रयत्नच करत नाहीस. उद्या भरून काढ."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, माझी सुट्टी. ही भाजी आणायला गेली होती. तू काठी घेऊन एकटी लिफ्टने खाली गेलीस आणि पार्किंगमध्ये पडलीस. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. दिवाळीला तू नव्हतीस.

दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी रोज लिफ्टपासून गेटपर्यंत जातो आणि परत येतो, बस्स. गेल्या वर्षी तापात होतो तेव्हाही गेलो. मित्र विचारतात, "एवढंच? त्यानं काय होणार?" ही कौतुकाने सगळ्यांना सांगते की यांची शिस्त बघा. वाट त्या पार्किंगमधूनच आहे, आणि तरी मी जातो.

आई, मी सगळ्यांना सांगितलं की तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. खोटं आहे ते. मी गॅलरीत होतो. तू लिफ्टमधून बाहेर आलेली मला दिसलीस. वरून हाक मारली असती तर तू थांबली असतीस. धावत खाली आलो असतो तर पोचलोही असतो, इतकी तू हळू चालत होतीस. पण मी तुझी पावलं मोजत होतो. त्रेचाळीसपर्यंत मोजली. मला आनंद झाला होता, आई.

हे हिला अजून सांगितलेलं नाही. ती आत्ता येईल, त्याच्या आत हा कागद फाडायला हवा.