वरवंटा नेमका कुणी फोडला

रा. रा. श्रीमंत गुरुजी, म्हणजे आमचे दाजी, यांना इस्लापूरच्या खदानीवरून रामकिशनचा वाकून नमस्कार. (राग कितीबी असला तरी बहिणीच्या नवऱ्यापुढं वाकावंच लागतंय, म्हणून वाकलो.) इकडं पाणी सोडून सगळं खुशाल हाय. आपल्या अंगठ्याची सूज उतरली का? मातोश्री कोंडाबाईंचा गुडघा कसा हाय? त्यांचा आवाज खणखणीत असल्याचं नागुअक्काच्या कार्डावरून कळलं.

त्या कार्डासाठीच हे पत्र. अक्का लिहिती, पोराचं बारसं अडलंय, कारण घरचा वरवंटा फुटला. आणि तो मी फोडला म्हणून मला बारशाला यायची बंदी. दाजी, त्या पोराला मामा एकच, तो मी. मातोश्रींना हे सांगितलं कुणी? तुम्ही. "रामकिशनच्या हातून फुटला" एवढं बोलून शाळेला निघून गेलात. हातून! जसा काय मी निलंग्याला येऊन तुमच्या चुलीपुढनं उचलून नेला. मी चौथीत शाळा सोडली, पण गोष्ट पहिल्यापासून सांगावी, शेवटापासून न्हाई, एवढं मला कळतंय. तुम्ही गुरुजी असून तुम्हाला कळंना, म्हणून मीच सांगतो.

तिकडं तुमचा नवीन जिल्हा झाला आणि सगळ्यांच्या अंगात आलं. (नवीन जिल्हा म्हणजे नवी सून. पहिलं वरीस काय ना काय करून दाखवायचंच.) पाण्यावाचून ढोरं मरून राहिलीत, अन् ठरलं काय, तर मास्तरांना दगड शिकवायचे. हुकूम निघाला, की प्रत्येकानं घरातला रोजच्या वापरातला एक दगड घेऊन सहस्रकुंडाला शिबिराला यावं. तुम्ही आलात ते आलात, वर दगड शिकवणाऱ्या साहेबाला सांगितलं, माझा मेहुणा हितंच दगडाच्या कामावर हाय. झालं! माझी हजेरी बुडाली आणि हातोडे, घागरी अन् गुरुजी लोकांच्या चपला मी डोक्यावर वाहून राहिलो.

धबधब्याला टिपूस न्हाई. साहेब मात्र असा खूष, की जसं काय त्याच्याच घरी बारसं हाय. म्हणे, पाणी आटल्यामुळं खडक कसा उघडा पडलाय, असा योग पुन्हा न्हाई. तिथंच वाळूत झिरा उकरून साखराबाई म्हातारी वाटीवाटीनं घागर भरत होती. ती म्हणली, "साहेब, तुमचा खडक दिसला. आमचं पाणी कव्हा दिसतंय?" साहेब हसला आणि तिला जरा बाजूला सरकायला सांगितलं, खडक झाकला जाऊन राहिला होता म्हणून. मला तिथंच तिडीक आली होती, पण तुमच्या इज्जतीकडं बघून गप बसलो. मग साहेबानं सांगितलं, हा काळा दगड एकेकाळी पातळ होता, काकवीसारखा वाहत आला, एक थर निवला की त्यावर दुसरा. (हे ऐकत राहावं वाटलं, पण तेवढ्यात तुम्ही मला पाणी आणायला धाडलं. साखराबाईकडूनच.)

परत आलो तर ठोकाठोकी चाललेली. जन्मभर पोरांच्या बोटांवर पट्टी बरोबर बसवलेली माणसं, पण एकाचा हातोडा दगडावर बसंना. एकानं स्वतःचा चष्मा फोडला, तुम्ही अंगठा. त्यानंतर घरचे दगड काढायला सांगितले. कुणी टाचा घासायची वजरी आणली होती, कुणी विळ्याला धार लावायचा दगड. आणि तुम्ही अक्काच्या जुन्या लुगड्यातून काय काढलं, तर वरवंटा! मी लगेच वळखला. थोरल्या पोरीच्या बारशाला त्याला टोपडं घालून, काजळ लावून पाळण्याखालून फिरवलं होतं, तवा मी हाजर होतो. तुमच्या बारशालाबी तोच तुमच्या आधी गेलेला. म्हणजे नात्यानं तो तुमचा थोरला भाऊ, दाजी!

मी कानात सांगितलं, "घरचा हाय, आत ठेवा." तुम्ही म्हणलात, "गप रे, शास्त्रात घर-बीर नसतंय." साहेब म्हणला, दगड वरून खोटं बोलतो, पिढ्यान्पिढ्या चटण्या वाटून हा गुळगुळीत झालाय, खरं रूप आत हाय, फोडा. तुम्ही सुजल्या अंगठ्यानं दोन-तीनदा मारलं. वरवंट्याला काय बी झालं न्हाई, लोक मात्र हसले. तवा तुम्ही सगळ्यांपुढं वरडलात, "रामकिशन, घण आण तुझा. भितोस काय अडाण्यासारखा?" अडाणी! मग मात्र माझं टाळकं सरकलं. एक घाव, दोन तुकडे. (घाव लई सरळ बसला, हे साहेबबी म्हणला.) टाळ्या वाजल्या, साहेबानं शाबासकी दिली. मला न्हाई, तुम्हाला.

आता अक्का खलबत्त्यात चटणी कुटून राहिली आणि वरून सासूचे टोमणे गिळून राहिली, की दगडफोड्याची बहीण आणली अन् घरातलं लेकरू फुटलं. तवा माझं सांगणं एकच. अक्काच्या देखत, मातोश्रींपुढं, स्वतःच्या तोंडानं खरं सांगा. नेला कुणी, फोड म्हणलं कुणी. मग मी बारशाला येतो.

धाकट्यांना गोड पापा. तुम्हाला पुन्हा नमस्कार, पण या वेळी उभ्यानंच.

रामकिशन

ता. क. पाटे-वरवंटे घडवणाऱ्या शांतम्माकडून नवा वरवंटा करून घेतलाय, सहस्रकुंडाच्याच दगडाचा. निलंग्याच्या गाडीचे कंडक्टर अमृतराव यांच्याजवळ दिलाय. स्टँडवर स्वतः जा, शाळेतलं पोरगं पाठवू नका.

आणखी ता. क. पत्र पुन्हा वाचून बघितलं. तुम्ही खरं सांगितलं तर मातोश्री तुम्हाला काय म्हणणार? पोटचं पोरगं तुम्ही. सगळं अक्कावरच फिरंल, की नवरा दगड नेत होता तवा तुझं ध्यान कुठं होतं. तवा सांगू नका. मीच फोडला, असंच राहू द्या. शिव्या एवढ्या लांब येईस्तोवर निवतात. मी येत न्हाई. पण बारसं आता लांबवू नका, आणि नवा वरवंटा पाळण्याखालून जाईल तवा पहिला अक्काच्या हातात द्या. मामाकडून आलाय म्हणावं.

शेवटचं. वरवंट्याच्या एका टोकाची कपची उडालेली दिसंल. ती गाडीत उडाली न्हाई, अमृतरावांना बोलू नका. दगड वरून खोटं बोलतो म्हणला होता ना साहेब, मला राहवलं न्हाई, बारका हातोडा मारून बघितला. आत निळसर काळा निघाला, आणि मधी तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे, लुकलुकणारे. ते आत गेले कसे, तेवढं साहेबाला विचारून कळवा. आणि टोपडं त्याच टोकाला घाला, म्हणजे मातोश्रींना दिसणार न्हाई.