भिंतभर योगायोग

३ जून
शाळेत चित्रकलेचे सर म्हणाले होते, तुझी रेघ फार शहाण्यासारखी वागते गं. इतक्या वर्षांनी उपाय सापडला. रेघ कॉम्प्युटरने काढायची. नियम मी लिहायचे, बाकी सगळं योगायोगावर. निश्चय : पहिलं येईल ते चित्र माझं. निवडानिवड बंद.

४ जून, सकाळ
पहिलं चित्र मांजरीने विस्कटलेल्या लोकरीसारखं आलं. ते ट्रायल. धरायचं नाही.

संध्याकाळ
आणखी बऱ्याच ट्रायल झाल्या. मी निवडत नाहीये. फक्त वाईट तेवढी काढून टाकतेय.

७ जून
आलं! निळ्या रेघा, एकदम वळणाऱ्या थव्यासारख्या. नवऱ्याने विचारलं, हे तू काढलंस की त्याने? म्हटलं, दोघांनी. मग चहा तिघांचा टाकू का, म्हणाला.

१० जून
गॅलरीवाल्या बाईंना चित्र पाठवलं होतं. फोन आला! प्रदर्शनात दारासमोरची भिंत माझी. चाळिशी उलटल्यावर पहिली भिंत. फक्त चित्र भिंतभर हवं. त्यात काय! प्रोग्रॅमला सांगायचं, तेच मोठं काढ.

११ जून
लेक म्हणाली, आई, सीड लिहून ठेवलंयस ना? सीड म्हणजे प्रोग्रॅम ज्या आकड्यापासून सुरू होतो तो. आकडा तोच, तर चित्र तेच. नाही ठेवलं. योगायोगाला दावणीला बांधणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ती हॉल तिकीट घरी विसरली तेव्हा मी जसं बघितलं होतं, तसं ती माझ्याकडे बघत राहिली.
हातात आहे तो तळहाताएवढा प्रिंट. मोठा केला की नुसते ठोकळे दिसतात.

१३ जून
प्रोग्रॅम चालूच ठेवलाय. एकदा आलं ते पुन्हा येईल. लेक म्हणते, येईल की, तोवर सूर्य विझलेला असेल. बापावर गेलीये.

१५ जून
नवा निश्चय : प्रिंट समोर ठेवून हातानेच मोठं काढायचं. कुणाला कळतंय!

१८ जून
बाईंना कळलं. घरी येऊन बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हणाल्या, अहो, हा थवा नाही, ही कवायत आहे. भिंतीसाठी दुसरे एक चित्रकार थांबलेत म्हणे. जमणार का, ते उद्यापर्यंत सांगा.

१९ जून
नाहीच म्हणणार त्या. तरी मेसेज केला : बाई, त्या अख्ख्या भिंतीवर तो तळहाताएवढा प्रिंटच लावाल का? लोकांना जवळ जाऊन बघावं लागेल, पण बघतील. मी लांब उभी राहीन, कशालाही हात लावणार नाही.