शून्य किलोमीटर

९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. ह्यांना बाहेर बाकावर बसवून! स्वादुपिंडात गाठ आहे. फार तर वसंत ऋतूपर्यंत. "त्यांना अजून बोललेलो नाही. सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा." मी कमरेत वाकून विनवलं — नका सांगू. मामंजींनाही शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात असंच करतात.

बाहेर आले तर हे म्हणाले, "काय, अल्सरच ना?"

"हो, अल्सर."

११ ऑक्टोबर

तोक्योत रडायला जागा नाही. दोन खोल्या, मधे कागदी दार. शेजारच्या ओकुबोबाई तांदूळ धुतात तेही ऐकू येतं. न्हाणीघरात नळ सोडून रडले, तर हे दाराशी — "अगं, पाणी किती वाहवतेस!"

१३ ऑक्टोबर

कोपऱ्यावरची भागीतली गाडी, कंपनीची, सभासदांना तासावर मिळते ती, घेतली. अर्धा तास. कुठेच गेले नाही. काचा बंद करून धाकट्या बहिणीला, याएकोला, फोन केला आणि मोठ्यांदा रडले. "ताई, किती दिवस अशी एकटी ओढणार आहेस?" म्हणाली. ठाऊक नाही. पण मोकळं वाटलं. इंजिन बंद असलं की आत गारठा फार. पाय बधिर झाले.

गेल्या वर्षी आमची गाडी विकून हिचे सभासद झालो, तेव्हा हे किती भांडले होते! "परक्यांच्या घामाच्या सीटवर बसू मी? आणि ऐन गरजेला दुसराच कुणी घेऊन गेलेला असेल!" ह्यांच्या नावाचं गाडी उघडायचं कार्ड आलं, ते ह्यांनी सरळ खणात टाकलं.

१९ ऑक्टोबर

ह्यांनी भात निम्मा टाकला. मी हसून बोलते. तोंड दुखतं हसून हसून.

२२ ऑक्टोबर

पुन्हा गाडीत. सीट कुणीतरी पार मागे सरकवलेली! माझे पाय पोचेनात. लांबटांग्या मेला कुठला. थोडं पुढे करून ठेवायची रीत नाही?

२५ ऑक्टोबर

कंपनीने प्रश्नांचा कागद पाठवलाय. गाडी का वापरता? स्वस्त म्हणून, जवळ म्हणून, स्वच्छ म्हणून, पार्किंगचा त्रास नको म्हणून? एकाही चौकटीवर खूण करता आली नाही. 'इतर'पुढे लिहिलं — दार घट्ट लागतं म्हणून.

हे मागून डोकावले. मी पटकन हात ठेवला. "लिही की, नवऱ्याला तुमची गाडी मुळीच आवडत नाही!" आणि हे किती दिवसांनी खदखदून हसले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हे नेहमीप्रमाणे दुपारी गो, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा डाव, खेळायला गेले. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलंय, मला न सांगता. आले ते डोळे लाल करून.

"जिंकलात?"

"छे! समोरचा फार चिवट आहे."

१० नोव्हेंबर, सोमवार

कंपनीकडून ऑक्टोबरचा तपशील आला. मी पाच वेळा गाडी घेतलेली, ते वर. खाली दुसरं कार्ड — ह्यांचं! ७, १४, २१, २८. चारही मंगळवार. दर वेळी एक तास, शून्य किलोमीटर.

पहिला मंगळवार सात तारखेचा. मला डॉक्टरांनी नऊ तारखेला सांगितलं.

उद्या मंगळवार. ह्यांचा जाड स्वेटर दाराशी काढून ठेवलाय. आत गारठा फार असतो.