तिच्या मानेला हात लावला तेव्हा

आबा, तुमच्या नातीला तुम्ही पाहिलं नाही. ती जन्मायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. ती कुस्ती खेळते. एवढं लिहूनच मी थांबले होते, कारण तुमच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मला तुम्ही कधी पाऊल टाकू दिलं नाहीत. काही निरोप असला तर बाहेर उभं राहून हाक मारायची, मग कुणीतरी पैलवान अंगावरची माती झटकत बाहेर यायचा. वस्तादांची मुलगी म्हणून मान खाली घालून बोलायचा, पण आत या असं कुणी म्हणायचं नाही. आता मुली मॅटवर खेळतात, आणि तुमची नात उजाडायच्या आत स्कूटर काढून सरावाला जाते. तुम्हाला हे आवडलं असतं की तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिचा उजवा खांदा दुखावला. सरावात समोरच्या मुलीनं ढाक मारून हिला उचलून टाकलं, ही आधी हातावर आणि मग मानेवर पडली, आणि वरून ती मुलगी. मी भाकरी थापत होते. ती दारातून आली ती उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरून. "काय न्हाय गं, जरा लचकलंय," म्हणाली आणि हसली. माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. हात तसा धरून घरात येणारं माणूस मी आधी पाहिलं होतं, आबा. ती मीच होते.

तुम्हाला तो दिवस आठवत असणारच. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही, म्हणून मी आज बोलते. मी कबड्डी खेळत होते, जिल्ह्याच्या संघात होते, आणि चढाईत खांदा निखळला होता. मी येते तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले आहात. आई ओरडते, तुम्ही कप खाली ठेवता, मला फरशीवर उताणी झोपवता, माझ्या काखेत तुमच्या पायाची टाच रोवता आणि हात ओढता. हाड बसल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि त्याच क्षणी दुखणं थांबतं. मी रडत हसते. आई देवाला हात जोडते. तुम्ही चहाचा कप पुन्हा उचलता आणि म्हणता, "बसला बघ. वस्तादाची पोर असून रडतीस व्हय?" त्या दिवशी जगात तुमच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं.

खांद्याला तुम्ही आंबेहळदीचा लेप लावलात आणि थोड्याच दिवसांत, सूज उतरली म्हणून, मला खेळायला पाठवलंत. खांदा पुन्हा निघाला. तुम्ही पुन्हा बसवलात. मग तो केस विंचरताना निघायला लागला, दोरीवर कपडे टाकताना निघायला लागला. आई म्हणायची, "अवो, दवाखान्यात न्या की तिला." तुम्ही म्हणायचात, "एवढ्या पोरांची हाडं बसवली, माझ्याच पोरीचं बसंना व्हय?" शेवटी तुम्ही तालमीत गेल्यावर आईच मला रिक्षात घालून घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आत फाटलंय, पहिल्याच वेळी हात बांधून ठेवायला हवा होता, आणि नंतरच्या ओढाओढीत नसही दुखावली आहे. उजवा हात डोक्याच्या वर न्यायला मला वर्ष लागलं. कबड्डी तिथंच संपली. तुम्ही दवाखान्यात आला नाहीत. घरी आल्यावर विचारलंतही नाही. जेवताना माझ्या ताटात तूप जास्त वाढलंत, एवढंच.

म्हणून पोरीच्या खांद्याला मी हातसुद्धा लावला नाही. हात ओढणीनं गळ्यात बांधला आणि तशीच राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या खेळाडूंच्याच दुखापती बघतात. एमआरआय झाला. खांदा निखळला नव्हता, पण एक स्नायू हाडाला जिथं धरतो तिथं थोडा फाटला होता. ऑपरेशन नको म्हणाल्या. विश्रांती, व्यायाम, आणि हवं तर तिचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला पिवळसर भाग वेगळा करून दुखऱ्या जागी टोचायचा. त्यातलं जे असतं ते जखम भरायला मदत करतं म्हणे. मी विचारलं, "गुण येणार का नक्की?" त्यांनी सरळ सांगितलं, "काहींना येतो, काहींना येत नाही. मी खात्री देणार नाही. आणि व्यायाम केला नाही तर ह्या सुईचा काही उपयोग नाही." मला त्या बाई पटल्या. तुमची नात मात्र फक्त एकच प्रश्न विचारत होती, "निवड चाचणीपर्यंत बरं हुईल न्हवं?"

सुई टोचली तेव्हा तिनं माझा हात धरला होता. पुढचे काही दिवस खांदा आधीपेक्षा जास्त ठणकला, मग हळूहळू उतरला. ती रबरी पट्टे ओढून व्यायाम करायची, मी कागलच्या कंपनीतून आले की समोर बसून बघायचे. हात वर जायला लागला. मी जरा श्वास घेतला. पण तिची मान मात्र सरळ नव्हती. हाक मारली की अख्खं अंग वळवून बघायची. विचारलं की म्हणायची, झोपेत अवघडली.

मग तिनं मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. एक माणूस टेबलावर झोपतो, दुसरा त्याची मान दोन्ही हातांत धरतो, झटक्यात फिरवतो, कट्ट असा आवाज येतो आणि झोपलेला हसत उठतो. कायरोप्रॅक्टर म्हणतात त्यांना. शहरात एक होते आणि तिच्याबरोबरच्या मुली त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "का पण? सगळ्या जात्यात की." मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा ती ओरडली, "तुझा कुणाच्याच हातावर विश्वास न्हाय!" मी म्हटलं, चल, पण मी खोलीत असणार.

तो माणूस तरुण होता, स्वच्छ, हळू बोलणारा. भिंतीवर पाठीच्या मणक्यांचं चित्र. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून गेले होते. त्यानं खूप प्रश्न विचारले, कुठं पडलीस, कशी पडलीस, झोप लागते का, हाताला मुंग्या येतात का. ती म्हणाली, "न्हाय." मग तिला टेबलावर झोपवलं, डोक्याशी बसला आणि दोन्ही तळवे तिच्या जबड्याखाली घेतले. मी खुर्चीच्या कडेला बसले होते. माझ्या उजव्या खांद्यात, इतक्या वर्षांनी, कळ आली. मला तुमची टाच काखेत जाणवली. मी खुर्चीवरून अर्धी उठले. त्यानं मान अगदी हळू एका बाजूला कलती केली आणि ती हलकेच कण्हली. त्यानं तिथंच हात थांबवले. मान हळूच सरळ ठेवली आणि हात काढून घेतले.

"माझी बोटं दाब बघू," तो म्हणाला. तिनं डाव्या हातानं दाबली. मग उजव्या. त्यानं पुन्हा उजव्यानं दाबायला सांगितलं. माझ्याकडे न बघता त्यानं तिला विचारलं, "मुंग्या कधीपासून येतात?"

तिनं उजवा हात मागे ओढून घेतला.

"अंगठ्यात येतात ना?"

"कधीतरी," ती म्हणाली. "पण तुम्ही एकदा मान मोकळी केली की हुईल की बरं."

"नाही. ह्या मानेला मी झटका देणार नाही. आधी मानेचा एमआरआय करून मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. आजच."

ती उठून बसली. "अवो, पुढच्या आठवड्यात माझी चाचणी हाय! सगळ्यांची करताय, माझीच का न्हाय?" तिचा आवाज बाहेर बसलेल्या लोकांपर्यंत गेला असणार. तो उभा राहिला, शांतपणे म्हणाला, "तू उद्याही खेळायला हवीस, म्हणून तुझी करत नाही." मी भांडायला आलेली बाई, त्या माणसासमोर हात जोडून उभी राहिले.

एमआरआयमध्ये दिसलं, मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबत होती. मणक्याचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, असली मान जोरात फिरवली असती तर त्रास फार वाढला असता. चाचणी गेली, सगळा हंगाम गेला. ती माझ्याशी बोलेना. स्कूटर अंगणात धूळ खात उभी. एका दुपारी मी तिच्या मानेला शेक देत होते, तेव्हा ती उशीत तोंड घालून म्हणाली, "पडले त्याच दिवसापासनं मुंग्या येत हुत्या. तुला सांगितलं असतं तर तू कुस्ती बंद केली असतीस." मी शेकत राहिले. तिला माझी भीती वाटत होती, आबा. खांद्याची नाही, मानेची नाही, माझी.

त्याच दुपारी मला एक गोष्ट आठवली. माझी कबड्डी सुटल्यानंतरची. तालमीच्या दारात एक पैलवान मनगट धरून उभा आहे, वेदनेनं वाकलेला. "वस्ताद, तुमीच बसवा की." आणि तुम्ही म्हणता, "न्हाय. गाडीवर बस, दवाखान्यात जायचं. मी हाय संगं." मी रस्त्यावरून बघत होते. मी जळले होते तेव्हा. परक्यांच्या पोरांना दवाखाना, आणि स्वतःच्या पोरीला फरशी! तो राग मी तुम्ही गेलात तरी सोडला नव्हता. पण आता क्रम लावून बघते तर कळतं, त्याआधी तुम्ही कुणालाही दवाखान्यात नेत नव्हतात. माझ्यानंतर तुम्ही कुणाच्याही सांध्याला हात लावला नाहीत. एवढ्या मोठ्या तालमीचा वस्ताद, सगळ्यांसमोर न्हाय म्हणत होता, आणि कारण मात्र कुणाला सांगत नव्हता. मला सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. पण तुम्हाला ते जमलं नसतं, हेही मला माहीत आहे.

तिला मी अजून तुमच्या हातांबद्दल काही सांगितलेलं नाही. सांगेन. दोन्ही सांगेन, फरशीही आणि ती गाडीही.

ती बरी झाली. वेळ लागला, व्यायाम कंटाळून केले, रडून केले, पण बोटांत जोर आला, मुंग्या गेल्या, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ती मॅटवर उतरली. गेल्या महिन्यात इचलकरंजीला पहिली कुस्ती झाली. गुणांवर हरली, पण हसत बाहेर आली, घामानं निथळत, आणि म्हणाली, "आई, शेवटचा डाव बघितलास न्हवं?" मी म्हटलं, "बघितला की."

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, म्हणून लिहिते. मी बघितला नव्हता. तिचं नाव पुकारलं की मी हॉलच्या बाहेर जाते, जिथं सगळ्यांच्या चपला असतात तिथं उभी राहते, आणि आतला आरडाओरडा थांबेपर्यंत दोन्ही कानांवर हात ठेवते.