गाठ सोडायची नाही

तीर्थस्वरूप वकीलमामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाचा सराव नुकताच झाला आहे, उताणा का होईना. कसा, ते पुढे कळेल.) आपला गुडघा कुरकुरत नसेल आणि मामींनी आपलं मीठ अजून तोडलं नसेल, अशी आशा आहे. रक्तदाब ताब्यात आहे ना? नसल्यास आधी गोळी घ्यावी, मग पुढे वाचावं. इकडे सर्व क्षेमकुशल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तर झालं असं, की आमच्या दुसरीच्या वर्गाची सहल अग्निशमन केंद्रात न्यायचं ठरलं. विषय होता सुरक्षितता. नेतृत्व माझ्याकडे आलं, कारण अख्ख्या शाळेत माझ्याइतका घाबरट माणूस दुसरा नाही, आणि मुख्याध्यापिकाबाई त्यालाच जबाबदारपणा समजतात. मुलं हरवू नयेत म्हणून मी एका लांब दोरीला गाठी मारल्या. प्रत्येक मुलाने एकेक गाठ धरायची आणि दोरीचं टोक माझ्या कमरेला. काहीही झालं तरी गाठ सोडायची नाही, हे मी वर्गात रोज घोकून घेतलं. (माझं शिकवणं मुलांच्या लक्षात राहतं, असा अनुभव मला तोवर नव्हता. पाढ्यांच्या बाबतीत तर अजूनही नाही.)

केंद्रात मी सर्वांच्या पुढे होतो, पण तोंड मुलांकडे. म्हणजे चालत होतो उलटा. चालताना नेहमी समोर बघावं, हे त्यांना समजावून सांगत होतो. माझ्या मागे पाण्याच्या पाइपाचं वेटोळं होतं. ते जिथे असायला हवं तिथेच होतं. भलत्या जागी होतो तो मी. मी आडवा झालो आणि माझ्यामागोमाग अख्खी दुसरी आली, कारण एकानेही गाठ सोडली नाही. बहुतेक मुलं माझ्या पोटावर पडली, त्यामुळे त्यांना खरचटलंसुद्धा नाही. एक मुलगी मात्र बाजूला फरशीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. एक जवान तिला उचलताना म्हणाला, "बाळा, आता सोड ती दोरी." ती म्हणाली, "सरांनी सांगितलं तर सोडेन." सर तेव्हा दुसऱ्या जवानाच्या हातून पाणी पीत होते. मामा, मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

आता प्रश्न जबाबदारीचा. बसवाल्याचं म्हणणं, मुलं बसमधून उतरली की त्याचा संबंध संपला. केंद्राचे अधिकारी म्हणतात, आम्ही पाइप ठेवला होता, मास्तर नव्हता ठेवला. बाई म्हणतात, दोरी शाळेच्या साहित्यात नाही, ती सरांची खाजगी. राहिलो मी. पालकांनी आपल्या जबाबदारीवर पाठवतो अशी सही दिली आहे खरी, पण अशा सहीने कुणाचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही, हे आपणच एकदा जेवताना सांगितलं होतंत. (तेव्हा मी जोरजोरात मान डोलावली होती. आता ती मान मोकळी करून घ्यायची आहे.) शुक्रवारी शाळेची समिती बसते आहे आणि माझी नोकरी राहते की जाते ते तिथे ठरेल. काय बोलू आणि काय गिळू, तेवढं कळवावं.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. मुलीचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. हाड नीट जुळेल असं डॉक्टर म्हणाले. मुलगी आपलीच नात. तिच्या आईने, म्हणजे आपल्या ताईने, मला बजावलं, "पाडलंस तू, बाबांना सांगणारही तूच." फोनवर आपण पहिल्या वाक्यालाच ओरडता, म्हणून पत्राचा मार्ग धरला.

ता. ता. क. ताई शाळेवर, म्हणजे फिरून माझ्यावर, दावा लावायचं म्हणते आणि वकील म्हणून आपल्यालाच नेमायला रविवारी लेकीला घेऊन तिकडे येते आहे. हे पत्र तिच्या आधी पोचेल. पहिला अशील मी आहे, हे ध्यानात असावं. एकाच खटल्यात दोन्ही बाजूंनी उभं राहता येत नाही, हेही आपणच सांगितलेलं. नात मात्र पूर्ण माझ्या बाजूची आहे. सरांची काही चूक नाही, सरांनी सांगितलं तेच मी केलं, असं ती भेटेल त्याला छातीठोकपणे सांगते. मामा, काहीही करा, पण तिला माझ्या बाजूने साक्षीला उभी करू नका.