साहेबांची बिनखिडकीची खोली

ब्राझिलिया, १८ ऑगस्ट १९५९

आई,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. मी बरी आहे. लाल धूळ नाकातोंडात जाते, पण जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

नव्या राजधानीतल्या घरांचे नकाशे मी काढते, हे तुला ठाऊक आहे. आमचे मुख्य लाउरो साहेब कोण, ते आजवर लिहिलं नव्हतं. तुझ्या अल्झिराबाईंचा मुलगा. रिओत त्यांच्याकडे घरकाम करताना तिथल्या बिनखिडकीच्या खोलीत तू अकरा वर्षं काढलीस, मी तिथेच वाढले. त्याने मला ओळखलंसुद्धा नाही.

त्याला मिळणाऱ्या घराचा नकाशा माझ्याकडेच आला. मोलकरणीच्या खोलीला मी खिडकी दाखवली, तर म्हणाला, "तिला कशाला हवी? ती काय बाहेर बघत बसणारे?" अगदी त्याच्या आईचं वाक्य.

मी मान डोलावली आणि दोन खोल्यांची अदलाबदल केली. मोलकरीण पूर्वेला, साहेबांची अभ्यासाची खोली आत. माझे नकाशे तो न बघता सही ठोकून स्वतःचे म्हणून पाठवतो. हाही गेला.

काल उभ्या भिंती बघून ओरडला, "माझी खिडकी कुठंय?"

सगळ्यांसमोर मी नकाशा उलगडला. "साहेब, सही आपलीच आहे."

मला कामावरून काढणार नाहीत, काळजी करू नकोस. काढायचं तर आजवरचे नकाशे कुणी काढले तेही सांगावं लागेल.

आज सकाळी मोलकरणीच्या खोलीत छान ऊन आलं होतं. मी तिथे उभी राहून बराच वेळ बाहेर बघत होते.

तुझीच,
निल्झा