परका नळ

दि. ३ फेब्रुवारी

चि. पोरीस अ. उ. आ. त्यातले थोडे तुझ्या ठकूसाठी काढून ठेवले आहेत, सध्या तिलाच जास्त लागतात.

फोनवर मी तुझं निम्मंच ऐकतो आणि उरलेलं मनाने भरतो, अशी तुझी तक्रार आहे, म्हणून लिहून कळवतो. बालवाडीच्या बाईंनी अट घातली आहे. सव्वातीन वर्षांचं मूल चालेल, पण लागली की त्याने स्वतः सांगायला हवं, चड्डी स्वतः काढायला हवी, धुवायला हवं, फ्लश करायला हवा आणि साबणाने हात धुवून बाहेर यायला हवं. एक मार्चपर्यंत जमलं तर जागा ठकूची, नाहीतर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षापर्यंत माझा गुडघा थांबत नाही, डॉक्टरांनी ऑपरेशनला दहा मार्च दिली आहे. जावईबापूंची बोट मेशिवाय लागत नाही. शेजारच्या शिंपीणकाकू ठकूला दुपारपासून सांभाळतील, पण सकाळी त्यांचं शिवणकाम असतं. म्हणजे जागा गेली तर तुला क्रेनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून घरी यावं लागणार. ते मी होऊ देणार नाही.

आतापर्यंत असं चाललं होतं की ठकू आत जाऊन बसायची आणि झालं की हाक मारायची. साहेबीणच ती. मी लंगडत जायचो आणि धुवायचो. शिंपीणकाकूंचं म्हणणं पडलं की तिला चॉकलेटचं आमिष दाखवा. पण मी चाळीस वर्षं प्लंबिंग केलं आहे. माणसात दोष नसतो, फिटिंगमध्ये असतो. रविवारी बाथरूम खोललं. छोटा कमोड बसवला, बेसिन तिच्या छातीपर्यंत उतरवलं, नळ असा घातला की बोट लावलं की पाणी. फ्लशला दोरी आणि दोरीला लाकडी गोळा. मी आता दाढी स्टुलावर बसून करतो.

चार दिवसांत ठकू सगळं स्वतः करायला लागली. मला आत येऊ देत नाही. काल पाहुण्यांना दोरी ओढून दाखवली, तीनदा. चॉकलेट मी खाल्लं.

लोभ आहेच, तो वाढला तर हरकत नाही.
तुझा बाबा


दि. ८ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. मी लहान असताना आपल्या मोरीतला नळ दोन वर्षं गळत होता, कारण घरचा प्लंबर कायम दुसऱ्यांच्या घरी. नातीसाठी मात्र एका रविवारात बेसिन उतरलं. चालू द्या.

इकडे ठीक आहे. क्रेनच्या केबिनपर्यंत एकशे चाळीस पायऱ्यांची शिडी आहे. एकदा वर गेलं की चार तास खाली यायचं नाही, असा इथला शिरस्ता. बाकीचे अकरा जण पुरुष, ते वरच्या वर काय ते बघून घेतात. मी सकाळपासून पाणीच पीत नाही, त्यामुळे प्रश्न येत नाही. डोकं दुखतं, ते उन्हाने असेल.

ठकूच्या दोन्ही गालांचे पापे घ्या. गुडघ्याला जपा.
तुमची लेक


दि. १७ फेब्रुवारी

चि. पोरीस अ. उ. आ. बातमी चांगली नाही, म्हणून आशीर्वाद आधी दिले.

बाईंनी ठकूला काल एक दिवस वर्गात बसवून बघितलं. साडेदहाला तिने सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. इथवर पैकीच्या पैकी मार्क. मग ती आत गेली, पाहणी केली, बाहेर आली आणि बाईंना म्हणाली की तुमचं बाथरूम बिघडलंय, माझ्या आजोबांना बोलवा. दोरी नाही, भिंतीत बटण. नळ पिळायचा. तिने दीड वाजेपर्यंत रोखून धरलं. घराच्या दारापासून आतपर्यंत ती ज्या वेगाने गेली, तो मी अजून पाहिला नव्हता.

मी बाईंना सांगितलं की एका रविवारात तुमचं सगळं फुकट बदलून देतो. बाईंनी शांतपणे विचारलं की ही उद्या दवाखान्यात जाईल, मैत्रिणीकडे जाईल, तिथेही तुम्ही पाना घेऊन जाणार का. मी विचार करून हो म्हणालो.

चूक माझी आहे. पोरीला मी आपल्याच घरापुरतं शहाणं केलं. मला फार वाईट वाटतंय. बाई एक तारखेला पुन्हा बघणार आहेत, ती शेवटची संधी.

आहे तो लोभ सांभाळून ठेव.
बाबा


दि. २० फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

उगाच जिवाला लावून घेऊ नका. ठकूच्याही मागे लागू नका. नाही जमलं तर नाही जमलं, मी येते. मला त्याचं काही वाटणार नाही. क्रेन काय, पुन्हा कधी शिकता येईल.

दवाखान्यात जाऊन आले. लघवीला जळजळ होत होती. गोळ्या दिल्या आणि पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. गोळ्या घेते आहे.

उत्तर लवकर पाठवा, म्हणजे मला इथे तसं सांगता येईल.
तुमची लेक


दि. २ मार्च

चि. पोरीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी चिडलो. तीन महिन्यांपूर्वी क्रेनसाठी घर डोक्यावर घेणारी तू, आणि आता म्हणे पुन्हा कधी. पण आधी ठकूचं सांगतो.

पत्र आलं त्याच दिवशी दोरी काढली. ठकू रडली. मग हलका नळ काढला आणि माळ्यावरचा जुना, हाताला न जुमानणारा नळ बसवला. चाळीस वर्षांत चांगला नळ काढून वाईट बसवायची ही पहिलीच वेळ. हात चालत नव्हता. त्यानंतर रोज दोन परकी बाथरूमं. न्हाव्याचं दुकान, वाचनालय, दाताचा दवाखाना, शिंपीणकाकू. आम्ही येताना दिसलो की न्हावी न विचारता दार उघडायचा. वाचनालयात साबण नव्हता, तर ठकूने ग्रंथपालाला सगळ्यांसमोर विचारलं की तू मग हात कशाने धुतोस. दुसऱ्या दिवशी वडी आली.

बहुतेक ठिकाणचं काम माझंच आहे. तिच्या मागे उभं राहून बघितलं तर एकाही नळाला पोराचा हात पोचत नाही. इतकी वर्षं मी माझ्याच उंचीच्या माणसांसाठी काम केलं आणि चांगलं काम म्हणून मिरवलं.

काल मी बालवाडीच्या कट्ट्यावर दोन जादा चड्ड्या घेऊन बसलो होतो. ठकूने सांगितलं, गेली, सगळं केलं, बटणही दाबलं. हात धुवायचा नळ मात्र तिला पिळेना. मग बाहेर येऊन बाईंना म्हणाली की नळ घट्ट आहे, तेवढा उघडून दे, बाकी माझं मी करते. बाईंनी उघडला. मी म्हटलं, म्हणजे नापास. बाई म्हणाल्या की नळ पिळता यावा अशी अटच नाही, अडलं तर सांगता यावं एवढंच आम्हाला हवं असतं. जागा मिळाली. मला रडू आलं. बाईंना गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

आता तुझं. पाणी का पीत नाहीस ते माझ्या उशिराने ध्यानात आलं. तिथलं फिटिंग कोणी केलं आहे ते विचारून कळव.

लोभ कमी केलेला नाही, रागावलो आहे एवढंच.
बाबा


दि. ७ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

ठकू नापास व्हावी असं मला वाटत होतं. तिची आई असून वाटत होतं. बॅग भरून ठेवली होती. लेकीसाठी परत आले असं कुणालाही सांगता आलं असतं. बाथरूमला जाता येत नाही म्हणून परत आले, हे मात्र तुम्हालाही सांगायची लाज वाटत होती.

तुमचं पत्र काल आलं. आज सकाळी तांब्याभर पाणी प्यायले आणि वर चढले. सव्वादहाला वायरलेसवर सांगितलं की मला बाथरूमला जायचंय, क्रेन थांबवते आहे. वायरलेस सगळ्यांच्या कानाला असतो. अकरा जण, सुपरवायझर आणि खाली रांगेतले ट्रकवाले. मग सुपरवायझर म्हणाला की जा. एकशे चाळीस पायऱ्या उतरले, ऑफिसच्या बाथरूमची किल्ली मागून घेतली आणि पुन्हा एकशे चाळीस चढले. तेवढ्यात आणखी तिघांनी वायरलेसवर तेच सांगितलं होतं. त्यातल्या एकाला मूतखडा आहे, दोन वर्षं तो कुणाला बोलला नव्हता.

बॅग रिकामी केली. मी तिच्या नापास होण्याची वाट बघत होते, हे ठकूला तुम्ही सांगू नका. मोठी झाली की मीच सांगेन.

दहा तारखेला तुमचं ऑपरेशन. नंतर काही दिवस तुम्हाला एकट्याने जाता येणार नाही, नर्सला हाक मारावी लागेल. मारा. लोभ असू द्या आणि रोखून धरू नका.
तुमची लेक